सहा पावलांचा कठडा

मी कठडा बोलतोय. जिन्याला किंवा गच्चीला असतो तसला मी नव्हे. दोन लांब लोखंडी दांड्या समोरासमोर, कमरेच्या उंचीवर. मधे लाकडी पट्टी, आणि टोकाला भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून सहा पावलं. तुम्ही ती बोलता बोलता संपवाल. पण ज्यांचा पाय गेलाय आणि नवा बसवायचाय, त्यांची सुरुवात माझ्यातून होते. त्यांना सहा पावलांना कधी कधी अर्धा तास लागतो.

मला एका वेल्डरने घडवलं. तो फाटकं आणि खाटा बनवायचा, माझ्यासारखं काही त्याने आधी केलं नव्हतं. कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेच्या मोठ्या बाईंनी त्याला कागदावर चित्र काढून दिलं होतं, पण नळी किती जाड घ्यायची ते त्या चित्रात नव्हतं. मग तो तीन मापांचे तुकडे घेऊन घरी गेला आणि आईपुढे ठेवले. "आई, पडायची भीती वाटली तर यातलं कोणतं धरशील?" म्हातारीने तिन्ही हातात घेऊन पाहिले आणि मधला उचलला. म्हणून मी एवढा जाड आहे.

वेल्डिंग झाल्यावर त्याने आपल्या दोन मेव्हण्यांना माझ्या दोन्ही दांड्यांवर लोंबकळायला लावलं. मेव्हणे दमले. मी वाकलो नाही.

कार्यशाळा म्हणजे एकामागे एक अशा चार खोल्या. पहिलीत प्लॅस्टरच्या ताई. उरलेल्या पायावर ओल्या पट्ट्या गुंडाळून त्या माप घेत. दुसऱ्या खोलीत त्या मापावरून साचा ओतला जाई. तिसरीत भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक साच्यावर ओढून सॉकेट बने, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते खोल भांडं. त्याला खाली नळी आणि पाऊल जोडत. आणि चौथी खोली माझी. तिथे काका असत.

काका जुळणीचे कारागीर. पाय बनवणं ही एक गोष्ट, आणि तो त्या माणसाचा करणं ही दुसरी. टाच केसभर आतबाहेर झाली तर माणूस कमरेतून लचकत चालतो, आणि सहा महिन्यांत पाठ धरून बसतो. काका माझ्याशेजारी उकिडवे बसत, माणसाला चालवत, हातातल्या पान्याने एक स्क्रू पाव फेरा फिरवत, पुन्हा चालवत. एकेका माणसाला दोन तास, कधी तीन. घाई करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तोंडाने मात्र ते तिखट होते. कुणी खांदे पाडून चाललं की म्हणत, "पाय नवा आहे, तोंड तरी जुनंच ठेवा. पडेल चेहऱ्याने चाललात तर स्क्रू फिरवून काय होणार?"

वर्षानुवर्षं माणसांचे हात धरत आलोय मी. पहिल्या दिवशी सगळे मला गळ्यात पडल्यासारखे धरतात. पैलवान असो नाहीतर शिक्षक, बोटं पांढरी होतात. आणि सगळे खाली पायांकडे बघतात, आरशाकडे कुणीच बघत नाही. काका सांगून सांगून थकत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे पाय मिळायला सात महिने लागत. ऐकणाऱ्याला वाटे, इथे कामचुकार लोक भरलेत. तसं मुळीच नव्हतं. सगळे घामाघूम असायचे. ताईंच्या खोलीबाहेर एक फळा होता, त्यावर त्या रोज संध्याकाळी घेतलेल्या मापांचा आकडा लिहीत. सहा, सहा, सात, सहा. अकरा वर्षांत सहाच्या खाली आकडा गेला नव्हता आणि ताईंना त्याचा अभिमान होता. साच्याची खोली रात्रंदिवस... नाही, उगाच वाढवून कशाला सांगू? साच्याची खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायची, आणि भट्टी कधी थंड होत नसे.

आणि माझ्यातून दिवसाला बाहेर पडत फक्त दोन माणसं.

मग बाकीचे पाय जात कुठे? माझ्या खोलीच्या भिंतीवर. वाळत घातलेल्या कपड्यांसारखे टांगलेले असत. मी शेवटचं ऐकलं तेव्हा एकशे चाळीस होते. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, प्रत्येकाचा मालक कुठल्या तरी घरी खाटेवर बसलेला.

मोठ्या बाई मनाने फार चांगल्या. त्यांनी दहा दारं ठोठावली आणि एक दुसरी भट्टी मिळवली. फीत कापली, फोटो निघाले. त्यानंतर तीन महिन्यांत भिंत कमी पडायला लागली आणि पाय माझ्या पट्टीखाली ठेवू लागले. सगळ्यांची बोटं आमच्याकडे वळली. "काकांचा हात हळू आहे." "कठडा एकच आहे ना, म्हणून नडतंय." मला वाईट वाटायचं. मी वाकत नाही, पण ऐकू तर येतं.

त्या दिवसांत एक बाई यायच्या. केस कापायचं त्यांचं काम. थोरल्या जाऊबाईंबरोबर त्यांनी छोटंसं केशकर्तनाचं दुकान काढलं होतं. दुकानात दोनच खुर्च्या, दोघींची एकेक. स्कूटरवरून पडल्या, आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. इथे सगळे त्यांना 'कात्री' म्हणत, कारण पर्समध्ये कात्री कायम असायची. बाकावर दिवसदिवस थांबायची वेळ आली की त्या शेजारच्याचे केस कापायला घेत. बसल्या बसल्या. "मान खाली. अजून खाली. अहो, प्रार्थना नाही करायची, मान फक्त खाली करा." खोलीतले सगळे हसत.

पण त्यांचा पाय काही होईना. पहिला आला तो सैल. माप घेतलं तेव्हा जखम नवी होती, पायाला सूज होती. पाच महिन्यांनी पाय भिंतीवरून उतरला तोवर सूज ओसरून उरलेला पाय बारीक झाला होता. चार मोजे चढवले तरी सॉकेट डुगडुगत होतं. काकांनी मान हलवली आणि पाय परत पहिल्या खोलीत गेला. पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा भट्टी, पुन्हा भिंत. दुसराही तसाच. दर दोन पायांमागे एक असा माघारी जायचा. ताईंच्या सहा मापांतली दोन तर या माघारी आलेल्यांचीच असत. ते मात्र फळ्यावर कुणी लिहीत नव्हतं.

कात्री हसऱ्या होत्या, पण दुसऱ्यांदा पाय परत गेला त्या दिवशी त्यांनी माझी दांडी सोडली नाही. कपाळ टेकवून तशाच उभ्या राहिल्या. मग काकांना म्हणाल्या, "जाऊबाई चांगल्या आहेत हो. पण गिऱ्हाईक दारातून परत जातं. रिकामी खुर्ची किती दिवस पुसत बसतील त्या?"

काकांनी पाना खिशात ठेवला आणि ते बाहेर जाऊन आले.

याच सुमारास मुकादम आले. बाटल्या भरायच्या कारखान्यात तीस वर्षं मुकादमकी केलेला माणूस, मधुमेहाने डावा पाय गेलेला. बरोबर बायको. त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी, उद्या या. तिसऱ्या दिवशीही तेच. दुसरा कुणी चिडला असता. हे समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मधेच घड्याळात बघत आणि औषधाच्या पाकिटावर काहीतरी लिहीत. बायको म्हणाली, "अहो, लोखंडाकडे काय बघताय एवढं? माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत." ते म्हणाले, "तू थांबत नाहीस. हा थांबतो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या बाई खोलीत आल्या तेव्हा मुकादमांनी त्यांना हाक मारली.

"बाई, एक विचारू? राग मानणार नाही ना?"

"विचारा की."

"तुमच्याकडे घोडं कुठे पेंड खातं, माहीत आहे?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. "इथेच. काका एकटे. त्यांच्यासारखा दुसरा माणूस शोधून मिळत नाही. आणि कठडा एक. दुसरा घ्यायचा तर आधी खोली वाढवायला हवी."

"बरोबर ओळखलंत. आता हे बघा." त्यांनी पाकीट पुढे केलं. "तीन दिवस मोजलंय. आठ तासांतले फक्त तीन तास वीस मिनिटं या कठड्यात कुणी उभं होतं. उरलेला वेळ कठडा रिकामा."

बाई हसल्याच. "कसं शक्य आहे? काकांना पाणी प्यायला फुरसत नसते."

"काका बसत नाहीत हो. कठडा बसतो."

बाईंचं हसू थांबलं. मुकादम एकेक सांगत गेले. काका भिंतीवरच्या दीडशे पायांतून एक शोधतात, त्याला वीस मिनिटं जातात. पाय सापडतो तर स्क्रू नसतो, मग भांडारात फेरी. फॉर्म काका भरतात, फोन काका घेतात. सॉकेट टोचतं म्हणून तिसऱ्या खोलीत घासून आणायला काकाच जातात, आणि तोवर इथे माणूस एका पायावर ताटकळत बसतो. आणि इतकं करून अर्ध्या वेळा पाय बसतच नाही, म्हणजे तेही दोन तास पाण्यात.

"आमच्याकडे बूच लावायचं यंत्र एकच होतं," मुकादम म्हणाले. "बाटल्या धुणारी यंत्रं चार, भरणारी तीन. ती कितीही पळोत, कारखान्यातून बाहेर पडणार तेवढ्याच बाटल्या, जेवढ्यांना बूच लागलंय. धुणाऱ्याचा तास बुडाला तर कुणाला पत्ता लागायचा नाही. बुचाचं एक मिनिट बुडालं की अख्ख्या कारखान्याचं एक मिनिट बुडालं. म्हणून बुचावरचा माणूस जेवायला गेला की मी बदली माणूस उभा करायचो. आणि तडकलेली बाटली बुचाच्या आधी उचलायचो. बूच लावून मग फेकण्यात काय अर्थ?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या माझ्यासमोरून जात होत्या. मी रिकामा आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, काकांनी कठडा सोडून जायचं नाही. पाय आदल्या संध्याकाळीच शोधून ठेवायचा, त्याच्या ट्रेमध्ये त्याचेच स्क्रू, त्याचेच मोजे. फॉर्म कारकुनाने शेजारी स्टूल टाकून भरायचे. घासायचं असेल तर तिसऱ्या खोलीतला माणूस इथे येईल. आणि प्रत्येकाचा उरलेला पाय टेपने मोजायचा, काकांपर्यंत यायच्या आधी. माप जुळत नसेल तर तो माणूस माझ्यात उभाच करायचा नाही.

काका भडकले. "मला काय खुंट्याला बांधताय? भांडारात कुठला स्क्रू कुठे आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

मुकादम बाकावरूनच म्हणाले, "काका, लग्नात नवरदेवाला पंगतीत पाणी वाढायला पाठवतात का?"

"या वयात नवरदेव?" काका गुरगुरले, पण बसले.

पहिले दोन दिवस गोंधळात गेले. चुकीचा ट्रे आला, कारकुनाने डाव्याच्या जागी उजवा लिहिला. तिसऱ्या दिवशी माझ्यातून तीन माणसं चालत गेली. पुढच्या आठवड्यात चार. मी तोच, काका तेच, खोली तीच. कुणी वेगाने हात हलवले नव्हते. फक्त काका आणि मी एकमेकांना सोडून राहत नव्हतो. मुकादमांचा पायही त्यातच झाला, ओळीने त्यांचा नंबर आला तेव्हा. तरी ते रोज येत राहिले. बायको म्हणाली, "ठेवा त्यांना इथेच. घरात मला मोजत बसतात."

खरी लढाई पुढे होती.

भिंत काही रिकामी होईना. मुकादम म्हणाले, "पुढून चार जातात आणि मागून सहा येतात. अहो, हे रिकामं कसं होणार?" मग बाईंनी माझ्या दाराशी बारा खुंट्या ठोकून घेतल्या. नवा पाय तयार झाला की तो या बारांतल्या एका खुंटीवरच टांगायचा. खुंटी मोकळी झाली की पहिल्या खोलीत चिठ्ठी जाणार, आणि मगच ताईंनी नवं माप घ्यायचं. बाराही भरलेल्या असल्या तर थांबायचं.

"थांबायचं म्हणजे?" ताईंनी विचारलं. दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, आत त्या कधी येत नसत.

"म्हणजे माप घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग मी काय करू? हातावर हात धरून बसू? बाहेर लोक पाय नाही म्हणून रडतायत आणि मी खिडकीतून बाहेर बघू? फळ्यावर काय लिहू, शून्य?"

"फळा मी पुसून टाकते, ताई."

हे बोलायला नको होतं. ताईंचा चेहरा उतरला. मान डोलावून त्या निघून गेल्या.

मी ताईंना दोष देत नाही. अकरा वर्षं ज्या माणसाने एक दिवस कुचराई केली नाही, त्याला अचानक सांगायचं की तुझं जास्तीचं काम नको, तर त्याने कुठे बघावं? ताई मापं घेतच राहिल्या. फळा गेला, पण साचे टेबलाखाली जमू लागले, वर चादर टाकून. साच्याच्या खोलीतल्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण ताईंना सगळे मानत.

असे पंधरा दिवस गेले. मग कात्रींच्या तिसऱ्या पायाचा दिवस आला.

हा पाय नव्या नियमाच्या आधीचा, चार महिन्यांपूर्वीच्या मापाचा. टेपने मोजल्यावर कारकून म्हणाला, जुळत नाही, यांना आत घेऊ नका. पण कात्री ऐकेनात. "एकदा घालून बघते. एवढी लांबून आलेय." काकांनी नाइलाजाने हो म्हटलं. कात्रींनी मला धरलं, पाय घातला, पाच मोजे चढवले आणि पहिलं पाऊल टाकलं. सॉकेट गर्रकन फिरलं. पाऊल आरशाकडे असायचं ते बाजूच्या भिंतीकडे झालं. कात्री माझ्या उजव्या दांडीवर आडव्या पडल्या. मी धरलं त्यांना. तेवढं मला येतं.

काकांनी त्यांना बसवलं आणि कारकुनाला म्हणाले, "ताईंना बोलाव. म्हणावं, काकांनी बोलावलंय, भांडायला नाही."

ताई आल्या. हात कोपरापर्यंत पांढरे. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला. हजारो माणसांची मापं घेतलेल्या या बाईने आपल्या मापाचा पाय घालून कुणाला चालताना पाहिलंच नव्हतं. वेळ कुठे होता?

"माझं माप चुकलं?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काका काही बोलायच्या आत कात्रीच बोलल्या. "नाही हो ताई. माप सुरेख घेतलंत. पण ज्या पायाचं घेतलंत, तो पाय आता राहिला नाही."

ताई खाली बसल्या. टेप घेऊन त्यांनी स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. चार महिन्यांपूर्वीचा आकडा चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात होता, आणि आता घेर अडीच सेंटीमीटर कमी भरत होता. भिंतीवर टांगलेल्या पायांच्या रांगेवरून त्यांनी नजर फिरवली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना तिथे पाय दिसले नसतील. प्रत्येक पायामागचा बारीक होत चाललेला माणूस दिसला असेल.

"लवकर घेतलेलं माप लवकर जुनं होतं," काका हळूच म्हणाले. एरवी तिखट बोलणारा माणूस.

"दुकानाचं काय झालं?" ताईंनी कात्रींना विचारलं.

"महिनाअखेरपर्यंत जाऊबाई खुर्ची धरून आहेत. नंतर एक मुलगी बघून ठेवलीय त्यांनी. अकरा दिवस आहेत."

ताई उठल्या. "चला माझ्याबरोबर. आत्ता."

त्या दुपारी ताईंनी टेबलाखालची चादर ओढून काढली आणि सगळे साचे बाईंना दाखवले. बाई रागावल्या नाहीत. फळा पुसायच्या बोलण्याबद्दल मात्र त्यांनी ताईंची माफी मागितली.

पुढच्या खोल्यांत आता गर्दी नव्हती. कात्रींचं माप कुठेही पडून राहिलं नाही. पूर्वी चार महिने लागायचे तो पाय नवव्या दिवशी माझ्या दाराच्या खुंटीवर होता. दहाव्या दिवशी सकाळी कात्री माझ्यात उभ्या राहिल्या. एकच मोजा. सॉकेट हाताला हातमोजा बसावा तसं बसलं. काकांनी दोन स्क्रू फिरवले आणि म्हणाले, "आरशात बघा. पाय पळून जाणार नाही."

कात्रींनी वर बघितलं. सहा पावलं गेल्या, वळल्या, सहा पावलं आल्या. तिसऱ्या फेरीला त्यांचे हात माझ्यावरून उचलले गेले होते आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"झालं," कारकून म्हणाला.

"काही झालं नाही," काका म्हणाले. "यांना काही चालत बसायचं नाही. यांना उभं राहायचंय, दिवसभर, आणि खुर्चीभोवती फिरायचंय. ते इथे कोण तपासणार?" आणि त्यांनी एक खुर्ची ओढून माझ्या तोंडाशी ठेवली आणि स्वतः तिच्यात बसले. "कापा."

त्या दिवशी आमच्या कार्यशाळेत कुणाचे केस राहिले नाहीत. काका झाले, मुकादम झाले, कारकून झाला. दर माणसानंतर काका खाली बसून कात्रींची टाच बघत, अर्धा फेरा देत. दुपारी मोठ्या बाई बसल्या. शेवटी ताई आल्या, प्लॅस्टरने पांढरे झालेले केस घेऊन. कात्री म्हणाल्या, "ताई, हे म्हातारपण आहे की चुना?" चार तास उभ्या होत्या त्या. पाठीत कळ नाही, सॉकेटखाली फोड नाही. संध्याकाळी पर्स उचलली आणि गेल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला ते फार आवडलं.

ताईंकडे आता दिवसाचे दोन-तीन तास मोकळे असत. पहिल्यांदा त्या ओशाळून आल्या, माझ्या टोकाशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग काकांनी विचारलं, "हा माणूस का लचकतो, सांगा बरं?" ताई म्हणाल्या, "याला नडगीच्या कडेला दुखतंय. हाड तिथे वर आहे, मी माप घेताना बोट लावलं होतं." काकांनी चमकून पाहिलं. ही गोष्ट त्यांना कधीच कळली नसती. स्क्रूने ठीक करू पाहत होते ते, आणि दुखणं हाडात होतं.

असं करत करत ताई जुळणी शिकल्या. काका जेवायला गेले की माझ्यापाशी ताई असत. वर्षानुवर्षं 'दुसरे काका मिळत नाहीत' असं सगळे म्हणत होते. ते पहिल्या खोलीत सहाचा आकडा लिहीत बसले होते. दिवसाला पाच माणसं जाऊ लागली, मग सहा. भिंतीवरचे जुने पाय ज्यांना बसले त्यांना दिले, उरलेले खोलून नळ्या आणि पावलं पुन्हा वापरली. आठ महिन्यांनी भिंत नुसती भिंत होती, खिळ्यांच्या भोकांसकट. सात महिन्यांची वाट तीन आठवड्यांवर आली. दुसरी भट्टी बाईंनी दुसऱ्या एका कार्यशाळेला देऊन टाकली.

मुकादम निघाले त्या दिवशी काका म्हणाले, "सुटलं बुवा घोडं एकदाचं."

"छे! घोडं गेलंय दुसरीकडे पेंड खायला," मुकादम म्हणाले. "ते कुठे आहे तेवढं शोधत राहा. तुमचं काम तेच."

त्यांचं खरं ठरलं. आता दुपारी दोननंतर मी बहुधा रिकामा असतो. पूर्वीसारखा नव्हे, तेव्हा बाहेर रांग होती आणि मी रिकामा होतो. आता रांगच नाही. आधी वाटलं, गरज संपली की काय. बाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं की लांबच्या गावांत अजून जुनीच बातमी फिरतेय: तिथे जाऊ नका, वर्ष लागतं, खेटे घालावे लागतात. लोक येतच नाहीत. अडचण आमच्या चार खोल्यांतून निघून फाटकाबाहेर जाऊन बसलीय. म्हणून काका आता मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी घेऊन बाहेर पडतात, बरोबर एक घडीचा, हलका कठडा असतो. दिसायला किरकोळ आहे, पण त्याच्यावर माझा राग नाही. तो जिथे जातो तिथे मी जाऊ शकत नाही. त्या दोन दिवशी इथलं सगळं ताई बघतात.

माझ्या रंगाचे पोपडे निघालेत. डावी दांडी जिथे सगळे आधी धरतात तिथे लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालंय. अजून पुष्कळ वर्षं मी वाकणार नाही.

तुमच्या माहितीत कुणी असेल, पाय गेला म्हणून घरात बसलेलं, तर माझा एवढा निरोप द्या. सात महिन्यांची गोष्ट जुनी झाली. सकाळी नऊला फाटक उघडतं. कागदपत्रं अपुरी असली तरी या, कारकून बघून घेईल. फक्त येताना दोन्ही पायांचे जोडे आणा. टाचेची उंची दोन्हीकडे सारखी असल्याशिवाय जुळणी होत नाही, आणि लोक नेमका एकच जोडा घेऊन येतात. दुसरा कुठे आहे विचारलं की सांगतात, फेकला, तो काय करायचा ठेवून?

काल एक आजोबा आले, पिशवीत दोन्ही घेऊन. एक झिजलेला, दुसरा चकचकीत. सून दोन वर्षं दर रविवारी दोन्हींना पॉलिश करत होती म्हणाले. "मी नको म्हणायचो, तरी करायची." ताईंनी तो चकचकीत जोडा नव्या पावलावर चढवला, नाडी बांधली आणि बाजूला झाल्या.

आजोबांनी हात पुढे केले. मी तयारच होतो.